पुन्हा सुई कशाला?

"मॅडम, कॅन्सर आहे हे माहीतच आहे ना? मग परत सुई कशाला?"

स्तनाचा कॅन्सर काही वर्षांनी हाडात किंवा यकृतात परत आला आणि मी बायोप्सीचा, म्हणजे सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासायचा, विषय काढला, की बहुतेक घरांतून हा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. त्यामागे भीतीही असते: सुई लावली की पसरतं, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. बाहेर रांग असताना ओपीडीत याचं पुरतं उत्तर देऊन होत नाही, म्हणून इथे लिहिते. सकाळी मी कर्वे रोडला पेशंट बघते आणि दुपारनंतर पाषाणच्या बाजूला प्रयोगशाळेत असते. तिथे आमचा विषय एकच, लागू पडणारं औषध लागू पडेनासं का होतं.

स्तनाच्या कॅन्सरचे बहुतेक पेशंट ईआर पॉझिटिव्ह असतात. म्हणजे पेशीत इस्ट्रोजेन या हार्मोनचा रिसेप्टर, त्याची बसायची जागा, असतो. त्यावर इस्ट्रोजेन येऊन बसलं, की पेशीला वाढायचा हुकूम मिळतो. टॅमॉक्सिफेन ती जागाच अडवतं. पाळी गेलेल्या बायकांना आपण लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल देतो, त्यामुळे शरीरात इस्ट्रोजेन तयार होणंच जवळपास थांबतं. गोळ्या साध्या, पण त्यांनी असंख्य जीव वाचवलेत. तरी पाच वर्षांच्या गोळ्या संपल्यावरही या प्रकारात आजार उलटायचा धोका पुढे वीस वर्षांपर्यंत थोडाथोडा राहतोच.

आणि उलटलेला आजार नावाने तोच असला, तरी पेशी त्याच राहिलेल्या नसतात. बऱ्याचदा हा रिसेप्टर घडवणाऱ्या ईएसआर-वन या जनुकात बदल होतो. रिसेप्टरच्या 537 किंवा 538 व्या जागचं अमिनो आम्ल बदलतं आणि इस्ट्रोजेन नसतानाही रिसेप्टर चालू राहतो, दारावरची बेल कुणी न दाबता वाजत राहावी तसा. अशा वेळी लेट्रोझोल कितीही नेमाने घेतलं, तरी उपयोग काय?

हा बदल 1997 मध्येच एका पसरलेल्या आजाराच्या नमुन्यात सापडला होता. पण पुढे बरीच वर्षं त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. कारण तपासल्या जायच्या त्या प्रामुख्याने पहिल्या ऑपरेशनच्या गाठी, आणि तिथे तो क्वचितच असतो. औषधाच्या दबावाखालीच तो वर येतो. 2013 मध्ये उलटलेल्या आजाराचे नमुने नीट वाचले गेले, तेव्हा कुठे तो पुन्हा समोर आला. याच बदलावर चालणारी एलासेस्ट्रंट नावाची गोळी अमेरिकेत जानेवारी 2023 मध्ये मंजूर झाली. मधला एवढा काळ गेला, कारण दुसऱ्या वेळचा तुकडा फार थोड्यांनी घेतला आणि जपला. मला ही गोष्ट फार लागते.

रक्तातून कळत नाही का, असं आता सुशिक्षित नातेवाईक विचारतात. कळतं, काही प्रमाणात. गाठीतून रक्तात सुटलेल्या डीएनएमध्ये ईएसआर-वनचा बदल सापडू शकतो. पण रक्तात सापडला नाही म्हणजे गाठीत नाहीच, असं म्हणता येत नाही. शिवाय ईआर अजून आहे की गेला, हर-टू हे पेशीला वाढवणारं दुसरं प्रथिन बदललंय का, हे पेशी डोळ्यांनी बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

आता हाडाबद्दल, कारण ईआर पॉझिटिव्ह आजार सगळ्यात जास्त तिथेच जातो. सीटीखाली कमरेच्या हाडातून काढलेला तुकडा जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा असतो. एका टोकाला पांढुरका, दुसरीकडे रक्ताने माखलेला. तो इतका कडक असतो, की कॅल्शियम काढल्याशिवाय त्याचे काप करता येत नाहीत. तीव्र आम्लात टाकला तर काही तासांत मऊ होतो आणि रिपोर्ट लवकर येतो. पण त्यात डीएनएची चाळण होते, हर-टूची फिश नावाची जनुक-तपासणी फसते, ईआरसुद्धा खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. ईडीटीए या सौम्य रसायनात ठेवला तर वेळ लागतो, कधी काही दिवसही, पण डीएनए टिकतो. रोज बाहेर उभं राहून "रिपोर्ट आला का?" विचारणाऱ्या मुलाला हे सांगणं जड जातं, तरी मी सांगते. थांबा, पण तुकडा खराब करू नका.

तीच गत फॉर्मॅलिनची, म्हणजे तुकडा कुजू न देणाऱ्या द्रावणाची. तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि तिथे किमान सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर तास राहायला हवा. तालुक्याच्या गावाहून नातेवाइकाच्या पिशवीत, नुसत्या सलाइनच्या बाटलीत दुसऱ्या दिवशी पोचलेले नमुने मी हातात घेतले आहेत. त्यावर "ट्रिपल निगेटिव्ह" (ईआर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर, आणि हर-टू, तिन्ही नाहीत) असा शिक्का चुकून बसला, तर त्या बाईची हार्मोनची गोळीच बंद होते.

औषध चालत नाही असं दिसलं, की प्रत्येक वेळी पेशीच बदलली असते असंही नाही. सांधे दुखतात, अंगातून वाफा येतात, म्हणून गोळी गुपचूप सोडलेली असते. टॅमॉक्सिफेन चालू असताना दुसऱ्या कुणी पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध लिहून दिलेलं असतं आणि त्यामुळे शरीरात टॅमॉक्सिफेनचं एंडॉक्सिफेन, म्हणजे त्याचं खरं काम करणारं रूप, नीट होत नाही. म्हणून तुकडा मागायच्या आधी मी गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवायला सांगते.

जुन्नरकडच्या एक काकू होत्या. लेट्रोझोल वेळेवर घेत होत्या, तरी कमरेच्या हाडात उलटलं. मुलगा आणि सून दोघंही बायोप्सीला नको म्हणत होते. काकू त्यांच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "माझं हाड आहे, मला इचारा की." रिपोर्टमध्ये ईआर होता, पीआर गेला होता आणि ईएसआर-वनमध्ये बदल होता. लेट्रोझोल थांबवून फुलवेस्ट्रंटची इंजेक्शनं आणि पॅल्बोसिक्लिब सुरू केलं. काकू पुन्हा शेतात जाऊ लागल्या. पुढे कधीतरी हेही औषध थकेल. ते त्यांनाही माहीत आहे.

त्यांनी संशोधनासाठी वेगळी सही करून एक जास्तीचा तुकडा दिला. असे तुकडे प्रयोगशाळेत वाढवणं अवघड असतं, बरेचसे वाढतच नाहीत. म्हणून जगभर एमसीएफ-7 नावाच्या पेशींवरच फार काम झालं आहे. 1973 मध्ये जगासमोर आलेल्या या पेशी मिशिगनमधल्या एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून, म्हणजे पसरलेल्या आजारातूनच, मिळाल्या होत्या. त्यांनाच महिनोन्‌महिने टॅमॉक्सिफेन घालून न जुमानणाऱ्या पेशी तयार करतात. कामाच्या आहेतच, पण अशा एका बाईच्या पेशींवरून जुन्नरच्या, बारामतीच्या बायकांचं सगळं कळेल असं मला वाटत नाही. आपल्याकडच्या बायकांचे तुकडे आपल्याकडे वाचले जायला हवेत.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना एक विनंती. पहिल्या ऑपरेशनचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, कुठे ठेवलाय ते विचारून घ्या. लॅब जुने ब्लॉक कायम सांभाळत नाहीत. मागितला तर देतात. घरी आणलात तर उन्हापासून लांब, कोरड्या डब्यात ठेवा, वर नाव आणि तारीख घाला. दुसरी बायोप्सी ठरली तर काढणाऱ्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: फॉर्मॅलिनची बाटली तयार आहे का, आणि हाडाचा तुकडा असेल तर ईडीटीएमध्ये ठेवणार का.