लोटलीचा गाव, म्हापशाचे घोडे

उत्तर गोव्यात ज्या रिसॉर्टवर आम्ही उतरलो होतो, तिथे मुलांच्या कोपऱ्यात समुद्री चाच्यांचं जहाज होतं. डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला फायबरचा चाचा, खजिन्याची पेटी, वर प्लास्टिकचा पोपट. पाच मिनिटं चाललं की खऱ्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, रापणीची जाळी पसरलेली; आणि पोरांपुढे मात्र कुठल्या तरी परक्या समुद्रातला दरोडेखोर! भाचा एकदोनदा घसरगुंडीवरून घसरला आणि मोबाइल मागायला आला.

म्हणून मग फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडून लोटलीला गेलो. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांचं हे गाव. इथे ‘अँसेस्ट्रल गोवा’ नावाचं उघड्यावरचं संग्रहालय आहे, ‘बिग फूट’ म्हणूनही ते ओळखलं जातं. महेंद्र आल्वारिस या कलावंतानं ते उभारलं आणि १९९५ मध्ये खुलं झालं. शंभरेक वर्षांपूर्वीचा गोमंतकीय गाव झाडीत मांडलाय. मासेमारांचं घर, कारागीर, बाजार, दारूचं दुकान. जांभ्यात कोरलेली आडवी संत मीराबाईही इथेच आहे. ती १९९४ सालची, तब्बल १४ मीटर लांब, त्यामुळे एका नजरेत मावत नाही. डोक्याकडून पायांकडे चालत जावं लागतं.

माझी आई मूळची डिचोलीची. ती बाजाराच्या देखाव्यापाशी अडकली ती अडकलीच. “अशीच बसायची आमच्या अवाठातली बाई, टोपली अशीच पुढ्यात,” वगैरे सुरू झालं. मला त्यातलं निम्मं ऐकून माहीत. भाच्याला काहीच माहीत नाही. त्याचा प्रश्न एवढाच, की यातलं हलत कोणीच कसं नाही? महादराची गोष्ट मात्र त्याला आवडली. सगळं गमावलेला हा दानशूर माणूस खडकावर एका पायावर उभा राहून प्रार्थना करत राहिला आणि पाऊल दगडात उमटलं, अशी ती दंतकथा. “त्याचा बूट किती नंबरचा?” यावर माझ्याकडे, म्हणजे त्याच्या मावशीकडे, उत्तर नव्हतं.

परतीच्या वाटेवर मला डिस्नीलँड आठवलं. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात ते उघडलं, तेव्हा दारातून आत शिरल्याबरोबर लागणारा रस्ता विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा होता. वॉल्ट डिस्ने लहानपणी काही वर्षं मिझुरीतल्या मार्सलीन गावी राहिले, त्याची आठवण त्यात आहे. तिथल्या इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा मुद्दाम लहान बांधले. घर त्यामुळे उंच वाटतं आणि तरी अंगावर येत नाही. म्हणजे बघा, मुलांसाठी म्हणून बांधलेल्या जागेत पहिली सोय झाली ती मोठ्यांच्या आठवणींची. त्यात वावगं काही नाही. तिकीट तेच काढतात! पण निदान ती आठवण कुणाची तरी स्वतःची होती. रिसॉर्टमधला चाचा कुणाच्या लहानपणातला होता, सांगा पाहू?

म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत पोचलो तेव्हा रात्र पडली होती. पौषातली थंडी, खाज्यांचे ढीग, आकाशपाळण्याचे दिवे. बोडगेश्वर म्हणजे म्हापशाचा राखणदार देव. आधी दर्शन, मग पाळणे, असा आईचा दंडक. लहान मुलांच्या फेऱ्यावर फायबरचे घोडे होते, गुलाबी आयाळीचे. छताखालच्या पट्टीवर रंगवलेला मिकी माऊस कुणी तरी आठवणीतून काढलेला असावा, कारण तो आमच्या डिचोलीच्या मामासारखा दिसत होता. मला तो फार आवडला.

घोड्यांचा हा फेरा मुळात युरोपातल्या स्वारांच्या खेळातून आला. धावत्या घोड्यावरून भाल्यानं टांगलेली कडी टिपायची. तिच्या सरावासाठी लाकडी घोडे गोल फिरवू लागले. आणि गोव्यात तर घोडेमोडणी आहे! शिगम्यात डिचोली, सत्तरी, पेडण्याकडे कमरेला सजवलेला लाकडी घोडा बांधून, एका हातात तलवार, दुसऱ्यात लगाम, ढोल-ताशावर नाचतात. पोर्तुगीजांवर सत्तरीच्या राणे घराण्यानं मिळवलेल्या विजयाची ही आठवण, असं सांगतात. दोन्हीकडे लढाईच्याच घोड्याचा खेळ झाला. मग पाळण्यावर हा घोडा का नाही?

फेरा चालवणारा कोल्हापूरकडचा. त्याला विचारलंच. त्यानं आधी माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

“त्या घोड्याला पाय कुठं असत्यात, ताई? पोरगं बसणार कशावर?”

“पाय नाचणाऱ्याचेच,” आई मागून म्हणाली. फेरा थांबला, भाचा काही उतरेना. मी आणखी एक तिकीट घेतलं.