अण्णांची पेन्शन आईच्या नावावर होईपर्यंत

अण्णा गेल्यावर पहिलं काम केलं ते निधनाची खबर देऊन त्यांची पेन्शन थांबवण्याचं. हे लगेच करावं. निधनानंतर खात्यात जमा झालेली रक्कम परत वसूल होते आणि हिशेब निस्तरताना घरच्यांचा जीव जातो. महापालिकेतून मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रतीही घेतल्या.

खरी अडचण पुढं आली. सैनिकांची पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून येते. तिथं आईचं नाव आधारवरच्या नावाहून एका अक्षरानं वेगळं निघालं. अण्णा आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते. लग्नाची नोंद युनिटमधून रेकॉर्ड ऑफिसला गेली तेव्हाच ते अक्षर बदललं असावं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक. त्यांनी विचारलं, "वहिनी, हवालदारसाहेबांचा आर्मी नंबर?" मी फाइल चाळायला लागलो, तोवर आईनं नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ असं सगळं एका दमात सांगितलं. कित्येक वर्षं तिनं आंतर्देशीय पत्रांवर हाच पत्ता लिहिला होता. संघटकांनी पेन खाली ठेवलं आणि तिच्यासाठी चहा मागवला.

नावाच्या दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, दोघांचा एकत्र फोटो आणि डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातल्या सेवेच्या नोंदींचं पुस्तक, लागलं. ते बुक अण्णांच्या काळ्या ट्रंकेत होतं. मी ते पहिल्यांदाच वाचलं. पदकांच्या रकान्यात 'पश्चिमी स्टार' आणि 'संग्राम मेडल', दोन्ही १९७१ च्या युद्धाची. आम्हाला ते एवढंच सांगायचे, "मलमपट्टी करत होतो." त्यांचं युनिट फील्ड अॅम्ब्युलन्स. आघाडीवरच्या जखमींना मागं आणायचं, रक्त थांबवायचं, इस्पितळापर्यंत तग धरेल इतकं सावरून पुढं धाडायचं. हे काम त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा केलं.

ट्रंकेत एक वहीही होती. घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट, आम्हा भावंडांच्या लसींच्या तारखा, आजीचा रोजचा रक्तदाब. निवृत्तीनंतर ते गिरणीच्या दवाखान्यात लागले, पण रात्री-अपरात्री गल्लीत कुणाला फेफरं आलं, कुणाचा हात भाजला की दार आमचंच वाजायचं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेलासुद्धा ते खिशात बँडेज घेऊन निघत. लोक 'डॉक्टर' म्हणाले की ते लगेच थांबवायचे, "डॉक्टर कोटणीस होते." सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि १९४२ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथंच वारले. अण्णांना त्यांच्याबद्दल फार आदर होता.

दुरुस्ती झाली, आईची पेन्शन सुरू झाली. निवृत्त सैनिक वयाच्या ६७ च्या आत गेला तर काही काळ शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के दरानं मिळते. अण्णांनी पंचाहत्तरी ओलांडली होती, त्यामुळं आईला ३० टक्क्यांचा दर लागू झाला. पुढं तिला ८० वर्षं पूर्ण झाली की त्यात २० टक्के वाढ होईल. ज्यांच्या घरी माजी सैनिक आहेत त्यांना कळकळीनं सांगतो, ते हयात असतानाच पीपीओवरचं पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून घ्या. त्यांच्या एका सहीनं जे होतं, त्यासाठी नंतर आईला प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावरची नोंद तेवढी बदलायची राहिली आहे. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिथूनच मिळतात, म्हणून येत्या सोमवारी तिला घेऊन पॉलिक्लिनिकला जाणार आहे.