मेकाँगकाठची प्रवारणा पौर्णिमा

१२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या दिवशी, आई आणि मी दीक्षाभूमीवर होतो. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी आम्ही थायलंडच्या ईशान्य टोकाला, नोंग खाई स्टेशनात उतरलो. मेकाँग नदीच्या पलीकडच्या काठावर लाओस दिसत होता.

जाण्याचं कारण एक भन्ते. नागपुरात पाली शिकायला आलेले हे थाई भिक्खू आमच्या वस्तीतल्या विहारात यायचे. त्यांचं गाव मेकाँगच्या काठावर, फोन फिसाई तालुक्यात. ‘ओक फन्साला जा, माझी आजी तुम्हाला ठेवून घेईल,’ असं ते आईला दोन वर्षं सांगत होते. ओक फन्सा म्हणजे वर्षावासाची, भिक्खूंच्या पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या एका जागच्या मुक्कामाची समाप्ती, आपली प्रवारणा पौर्णिमा. ‘ओक’ म्हणजे बाहेर पडणं आणि ‘फन्सा’ म्हणजे आपलाच ‘वर्षा’. आईने तीस वर्षं वर्षावास पाळलाय. हा शब्द उलगडला आणि ती निघायलाच बसली. भन्तेंचा स्वतःचा वर्षावास पुरा व्हायचा होता, त्यामुळे ते नागपुरातच राहिले.

प्रवास सोपा झाला. भारतीयांना तेव्हा ६० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता. कोलकात्याहून बँकॉक, तिथल्या क्रुंग थेप अफिवत स्टेशनातून रात्रीची गाडी, आणि सकाळी नोंग खाई. हॉटेलं मात्र आधीच भरलेली असतात. गावात ओळख नसती तर आमचं कठीण होतं. पुढचे पंचेचाळीसेक किलोमीटर सोंगथेवने गेलो. मागे दोन बाकडी टाकलेली ही छोटी गाडी आपल्या काळीपिवळीसारखी माणसं भरत जाते. रस्त्याकडेच्या भिंतींवर कमरेएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. सप्टेंबरमध्ये मेकाँगला मोठा पूर आला होता, त्याची ती खूण.

आजीला सगळे ‘याय’ म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. घर लाकडी, खांबांवर उचललेलं. यायची बोली ईसानची, म्हणजे ईशान्य थायलंडची, लाओ भाषेच्या जवळची. मोबाइलवरचं भाषांतर तिच्या बोलण्याचं काहीतरी भलतंच करून दाखवायचं. पहिला तासभर आम्ही तिघी नुसत्या एकमेकींकडे बघून हसत बसलो होतो. मला घाम फुटला होता. तीन दिवस कसे काढायचे?

मग आई अंघोळ करून विहारात नेसते ते पांढरं लुगडं नेसून आली. कोपऱ्यात उंचावर बुद्धमूर्ती होती, तिच्यासमोर बसली आणि सवयीने म्हणू लागली, ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स.’ याय स्वयंपाकघरातून हात पुसत आली, शेजारी टेकली आणि दुसऱ्या वेळेस तिने सूर मिळवला: ‘नमो तत्स फखवतो अरहतो सम्मासम्फुत्थत्स.’ पुढे ‘बुद्धं सरणं गच्छामि’चं तिच्या तोंडून ‘फुत्थंग सरनंग खच्छामि’ झालं. पंचशीलापर्यंत दोघी एकत्र गेल्या. उच्चार वेगळे पडत होते, पण थांबायच्या जागा त्याच. म्हणून झाल्यावर आई माझ्याकडे वळून म्हणाली, ‘अवो, हे तं आपलंच हाये.’ यायने तिचा हात धरला आणि सरळ चुलीपाशी नेलं. माझी गरज तिथे संपली.

ती रात्र खाओ तोम मत करण्यात गेली. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात आटवायचा, केळीच्या पानावर पसरून मध्ये पिकलेल्या केळ्याची फोड ठेवायची, वर काळ्या घेवड्याचे चार दाणे. पान दुमडायचं आणि दोन दोन पुड्या बांबूच्या ओल्या पट्टीने एकत्र बांधून वाफवायच्या. माझ्या पुड्या उसवत होत्या. आईने लहानपणी पळसाच्या पत्रावळी लावलेल्या, तिचा हात तिसऱ्या पुडीलाच बसला. शेजारच्या दोन बायका येऊन तिची घडी बघून गेल्या. नारळाच्या दुधाचं पातेलं अंगणातल्या चुलीवर होतं आणि वर चंद्र. ‘आज कोजागिरी,’ आई म्हणाली. यायने एक वाटी भरून तिला दिली. जणू समजलंच होतं तिला.

दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, दुपारपासून गाव फुगत गेलं. लोक लांबून येतात ते बांग फाय फाया नाक बघायला, म्हणजे नागराजाचे अग्निगोळे. कथा अशी की बुद्ध तावतिंस स्वर्गात आपल्या आईला धम्म सांगून वर्षावासानंतर पृथ्वीवर परतले, तेव्हा मेकाँगमधल्या नागाने त्यांच्या स्वागताला हे गोळे सोडले. आम्ही तीन वाजताच विहाराच्या घाटावर चटई टाकली. अंधार पडताना केळीच्या सोटांचे आणि बांबूचे तराफे दिवे लावून प्रवाहात सोडले. ते गेल्यावर सगळा काठ काळ्या पाण्याकडे टक लावून बसला.

पहिला गोळा उठला तेव्हा लोकांच्या ओरडण्यानेच मला कळलं. लालसर, दुरून कवठाएवढा दिसणारा. ना धूर, ना आवाज. सरळ वर गेला आणि विझला. तासाभरात मी अकरा मोजले. नदीतल्या वायूमुळे हे होतं असं काही जण सांगतात, पलीकडून बंदुकीच्या गोळ्या झाडतात असंही काही जण म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवते. चमत्कार मानू नये हे मला घरातूनच मिळालंय, आणि या गोळ्यांमागे नाग आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या काठावर बसून मला कुणाशी वाद घालावासा वाटला नाही, हेही खरं.

आईचं डोकं वेगळीकडेच चाललं होतं. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात दीक्षेसाठी नागपूर का निवडलं ते सांगितलं होतं: धम्म पसरवणारे नाग लोक या भागातले, आणि शहरातून वाहणारी नदीही नागच. हे आईला तोंडपाठ आहे. पाण्याकडे बघत ती म्हणाली, ‘पाय ना, इथंबी नागच बुद्धाची वाट पायते.’ तिने त्यात चमत्कार शोधला नव्हता, नातं शोधलं होतं. मला ते आजही अग्निगोळ्यांपेक्षा मोठं वाटतं.

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. मुक्काम नदीकाठच्या गावातच करा. बाहेरून आलेल्यांच्या गाड्या पहाटेपर्यंत अरुंद रस्त्यावर अडकून होत्या, लहान मुलं मागच्या सीटवर झोपलेली. आणि गोळे संपले की लगेच परत फिरू नका, कारण सणाचा गाभा दुसऱ्या सकाळी असतो.

त्या सकाळी ताक बात थेवो, स्वर्गातून परतलेल्या बुद्धाच्या स्मरणार्थ दिलं जाणारं भिक्षादान. सहाच्या आधी सगळं गाव विहाराच्या वाटेवर दोन रांगांत बसलं होतं. चपला काढून, बायकांच्या खांद्यावरून तिरपं उपरणं. यायने तिचंच एक आईच्या लुगड्यावर घातलं. बांबूच्या टोपलीतल्या गरम चिकट भाताचा लिंबाएवढा गोळा चिमटीने तोडायचा आणि भिक्खूंच्या पात्राला हात न लावता आत सोडायचा. आईचे गुडघे दुखतात, तरी ती शेवटपर्यंत उठली नाही. आमचा भात मध्येच संपला, तेव्हा यायने न बघता आपल्या टोपलीतला अर्धा इकडे सरकवला. पुड्यांमधली माझी एक उसवलेली होती, तीही एका तरुण भन्तेंच्या पात्रात गेली.

नंतर विहारात सगळ्यात वृद्ध भन्तेंनी गाथा सुरू केली, ‘यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं’, भरलेल्या नद्या जशा सागराला भरून टाकतात तसं. ती चालू असताना प्रत्येक घरातलं कुणीतरी छोट्या भांड्यातून वाटीत पाण्याची धार धरतं, दिलेल्या दानाचं पुण्य गेलेल्या माणसांपर्यंत पोचावं म्हणून. घरची बाकीची माणसं धार धरणाऱ्याला हात लावून बसतात. यायने भांडं उचललं आणि आईचा हात ओढून आपल्या कोपरावर ठेवला. मी आईच्या खांद्याला हात लावला. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. आई डोळे मिटून त्यांचं नाव पुटपुटत राहिली.

गाथा संपल्यावर ती वाटी घेऊन दोघी बाहेर गेल्या आणि पाणी चिंचेच्या मुळाशी ओतलं.