फक्कीनं आखलेलं हृदय

आठवीत विज्ञानाच्या बाईंनी हृदय फळ्यावर शिकवलंच नाही. शिपाईमामांकडून खो-खोच्या मैदानासाठीची फक्की मागवली आणि पटांगणात चार खोल्या आखल्या. वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. (माझ्या मुलीच्या पुस्तकात आता अलिंद नि निलय आहेत. खोल्या त्याच, पाट्या बदलल्या.) डाव्या जवनिकेची भिंत मात्र त्यांनी तिप्पट जाड काढली.

वर्गातली मुलं रक्त झाली. हातात निळा कागद घेऊन महाशिरेतून उजव्या कर्णिकेत, तिथून उजव्या जवनिकेत, मग फुप्फुस धमनीतून चिंचेच्या दोन झाडांखाली. तिथे निळा कागद देऊन लाल घ्यायचा आणि डाव्या कर्णिकेत परत यायचं. डाव्या जवनिकेतून महाधमनीत शिरलं की मात्र अख्ख्या शाळेला वळसा! चिंचेपर्यंत ढकलायला पातळ भिंत पुरते, शाळेभोवती पिटाळायला जाडच लागते. बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "एका टाळीला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० टाळ्या. अंगातलं सगळं ५ लिटर रक्त मिनिटाभरात फिरून येतं, आणि तुम्ही अजून संडासामागेच?"

मी डावीकडची झडप होते. ती दोन दलांची, म्हणून मी आणि बाकावरची मैत्रीण हात धरून उभ्या, उजवीकडे तिघी. फाटकाबाहेर गोळेवाल्याची घंटा वाजली, मी वळून बघितलं, हात सुटला आणि दोन मुलं जवनिकेतून उलटी वर घुसली. "अगं, तू गळतेयस!" बाई ओरडल्या. दहावीपर्यंत मी 'गळकी'च.

आज मी इको करते, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. दिवसभर लोकांच्या झडपा बघते. मागच्या पावसाळ्यात बाईच माझ्या टेबलावर आल्या. डाव्या कुशीवर झोपवलं, प्रोब लावला. मान वळवून त्या पडद्याकडे बघत होत्या.

"हे निळं कुठे चाललंय?"

"महाधमनीत, बाई."

"मग लाल नको का?"

सांगितलं, की इथे लाल म्हणजे प्रोबकडे येणारं, निळं म्हणजे लांब जाणारं; शुद्ध-अशुद्धाचा संबंध नाही. आणि अशुद्ध रक्तही निळं नसतंच, गडद लाल असतं.

"ते माहितेय गं मला," बाई म्हणाल्या. "गडद लाल घोटीव कागद दुकानात मिळाला नव्हता."