सिंगापूर ते न्यूयॉर्क, एका दमात

सिंगापूरचा चांगी विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके, हे अंतर कुठेही पाहा, साधारण १५,३४९ किलोमीटर दिसतं. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर सतरा तास होतात. तिकिटावर मात्र साडेअठराच्या आसपासचा आकडा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं-उतरणं आलंच. पण खरं कारण वेगळं आहे.

१५,३४९ हा आकडा पृथ्वीगोलावर ताणलेल्या दोऱ्याचा, म्हणजे सर्वांत जवळच्या वाटेचा आहे. ही दोन शहरं रेखांशाने जवळजवळ १७८ अंश दूर, त्यामुळे तो दोरा उत्तर ध्रुवाला जवळपास खेटून जातो. आमचं विमान तिकडे फिरकलंही नाही. समोरच्या पडद्यावरची रेघ जपानच्या पूर्वेने वर गेली, उत्तर पॅसिफिक ओलांडून कॅनडात शिरली आणि मग न्यूयॉर्ककडे वळली. वाट लांबची, पण तिथे पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा जोरदार वारा, पाठीशी असतो. एका टप्प्यावर जमिनीच्या तुलनेत वेग हजाराच्या बराच वर दिसत होता. परतीचं विमानही बरेचदा याच वाऱ्यासाठी अटलांटिक आणि युरोपवरून पूर्वेकडेच जातं, म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा! वारा रोज बदलतो, तसा मार्गही. त्यामुळे पुढचं बुकिंग करताना किलोमीटर मोजत बसू नका. वेळापत्रकातली वेळ धरा आणि वर दोन-तीन तास मोकळे ठेवा.

विमान सिंगापूर एअरलाइन्सचं, एअरबस ए३५०-९००यूएलआर, म्हणजे खास अतिलांब पल्ल्याचं. सीट फक्त १६१, इकॉनॉमी नाहीच. बिझनेस किंवा प्रीमियम इकॉनॉमी. स्वस्तात जायचं असेल तर फ्रँकफर्टला थांबणारी सेवा आहे, वेळ अर्थातच जास्त. माझं मत विचाराल तर गुडघे-कंबर धड असेल तर थेटच जा. झोप मधेच मोडत नाही, आणि कनेक्शन चुकायची धास्ती नाही. प्रीमियम इकॉनॉमीत अगदी मागच्या काही रांगांत खिडकीला एकच सीट आहे. एकटे असाल तर तीच पकडा.

चांगीच्या बहुतेक टर्मिनलांवर सुरक्षा तपासणी थेट गेटवर होते, म्हणून पाण्याची बाटली त्याआधी रिकामी करा आणि विमानात भरून मागा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी, पण एप्रिल २०२५ पासून सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात ती वापरता येत नाही. सीटपाशी चार्जिंगची सोय आहे, केबल विसरू नका. पायांना घट्ट मोजे आणि दर दोन-तीन तासांनी एक फेरी. पाय सुजणं किरकोळ, रक्ताची गाठ होणं नाही. आधी असा त्रास झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं.

तारखांचं गणित मात्र नीट करा. न्यूयॉर्क उन्हाळ्यात बारा तास मागे, हिवाळ्यात तेरा. उन्हाळ्यात मध्यरात्री बाराला सुटलात तर पोचताना तिथे त्याच तारखेची सकाळ, साडेसहाच्या सुमारास. हॉटेलची खोली दुपारपर्यंत मिळणार नाही. लवकर चेक-इनचं आधीच बोलून ठेवा किंवा आदल्या रात्रीपासून बुक करा. येताना उलटं: सोमवारी रात्री साडेदहाला निघालात तर सिंगापुरात बुधवारची पहाट. मंगळवार हवेतच जातो, त्या रात्रीची खोली कुठेच घेऊ नका, आणि सुटीचा अर्ज करताना तो दिवस धरा.