लोबुचेची रात्र आणि तेराचा पाढा

साताऱ्याच्या आठ मित्रांना घेऊन एव्हरेस्ट बेस कॅम्पला गेलो होतो. त्यातल्या एकाला लोबुचेहून रात्री खाली उतरवावं लागलं. तो आता ठणठणीत आहे, पुन्हा यवतेश्वरचा घाट पळत चढतोय. पण माझ्या वहीतलं डिंगबोचेचं पान अजून डोक्यातून जात नाही.

ट्रेक लीडर पुढं चालतो असा लोकांचा समज आहे. पुढं शेर्पा असतात, वाट त्यांच्या पायाखालची. मी शेवटी असतो आणि माणसं बघत असतो. कुणी ताटात किती ठेवलं, कोण लेस बांधताना मध्येच थांबलं, कालपर्यंत बडबडणारा आज गप्प का, कोण पाणी भरून घेतो पण पीत नाही, हेच दिवसभर चालू असतं.

हे आठ जण एका शाळेतले, सगळे चाळिशीच्या आसपास. तयारीत बोट ठेवायला जागा नव्हती. सहा महिने अजिंक्यतारा, सज्जनगडच्या पायऱ्या, शेवटी शेवटी पाठीवर दहा किलोची सॅक. दोघं हिल मॅरेथॉन पळणारे. मला मात्र जास्त तयार माणसांचीच जास्त धास्ती असते. सबंध महाराष्ट्रात कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या वर चढायला जागाच नाही, आणि ट्रेकचा पहिला दिवस जिथं सुरू होतो ते लुक्ला २,८६० मीटरवर आहे. पायाची तयारी साताऱ्यात होते. उंचीची तयारी उंचीवरच होते, आणि ती दिवस मोजून होते. हवेत प्राणवायू वरही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब घटतो. बेस कॅम्पला, ५,३६४ मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा राहतो. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही यातून सूट नाही. उलट त्याला दम कमी लागतो, म्हणून तो जोरात चढतो आणि मुक्कामाला दमून पोचतो. दमणं कशाला म्हणतात हे त्याला माहीत असतं, त्यामुळे डोकं दुखलं तरी तो ते दमण्याच्याच खात्यावर टाकतो.

वेळापत्रक नेहमीचंच होतं. फाकडिंग २,६१० मीटर, नामचे ३,४४०, तिथं एक दिवस जास्तीचा, मग तेंगबोचे ३,८६०, डिंगबोचे ४,४१०, तिथं पुन्हा एक दिवस, मग लोबुचे ४,९४०. तीन हजारांच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा नियम. पण झोपायचं तिथंच जिथं टी-हाउस, म्हणजे वाटेवरचं राहण्या-जेवणाचं घर, आहे, म्हणून तेंगबोचे ते डिंगबोचे ५५० होतात आणि डिंगबोचे ते लोबुचे ५३०. ती कसर त्या दोन जास्तीच्या दिवसांनी भरून निघते. हल्ली बरेच आयोजक सुट्टी वाचते म्हणून त्यातला एक दिवस कापून ट्रेक विकतात. गिऱ्हाईक खूश असतं, कारण आपण काय विकत घेतलं नाही हे त्याला कळतच नाही. आम्ही दोन्ही दिवस ठेवले होते. तरीही हे झालं.

उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्सची गोळी, १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, घ्यायची का नाही हे ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरला विचारून ठरवलं होतं. ही गोळी मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकते, रक्त किंचित आम्ल होतं आणि श्वास आपोआप वाढतो. विशेषतः झोपेत, जेव्हा तो मंदावलेला असतो. बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो, लघवीला सारखं जावं लागतं. पुढं ज्याला उतरवावं लागलं, त्या आमच्या पळणाऱ्यानं नामचेतच ती बंद केली. रात्री तीनदा थंडीत उठायचा त्याला कंटाळा आला होता. हे मला लोबुचेला कळलं.

आता वहीबद्दल. ही पद्धत मी स्वतः बसवलेली, आणि तिचा मला अभिमान होता. रोज संध्याकाळी खोलीतल्या दोघांनी एकमेकांचं पान भरायचं. उंचीचा त्रास मोजायच्या लेक लुईस गुणांकनात चार प्रश्न आहेत: डोकेदुखी, मळमळ किंवा भूक, थकवा, चक्कर. प्रत्येकाला शून्य ते तीन. डोकं दुखतंय आणि बेरीज तीन किंवा जास्त, तर उंची लागली असं समजायचं आणि तो माणूस वर चढणार नाही. स्वतःचं स्वतः भरलं तर माणूस कमी लिहितो, म्हणून जोडीदारानं भरायचं. शेजारी ऑक्सिमीटरचा आकडा आणि नाडी. एकमेकांना न ओळखणाऱ्यांच्या गटात ही पद्धत छान चालते. अनोळखी माणूस दुसऱ्याच्या उलटीचा आवाज ऐकून सरळ येऊन सांगतो, त्याला स्वतःचीही झोप हवी असते.

या आठांनी ऑक्सिमीटरची स्पर्धा करून टाकली. कुणाला किती, हरेल त्यानं चहा द्यायचा. लोक आकडा वर जाईपर्यंत खोल श्वास घेत. खरं तर आरामात बसून, हात उबदार करून, आकडा मिनिटभर स्थिर झाल्यावर वाचायचा असतो, आणि तरीही निर्णय त्याच्यावर घ्यायचा नसतो. साडेचार-पाच हजार मीटरवर ७८ असलेला माणूस व्यवस्थित असू शकतो आणि ८४ वाला आजारी.

डिंगबोचेला पळणाऱ्याचा ऑक्सिजन ८३, आठांत दुसरा. नाडी ९२. बाकीच्यांची ९५ ते १००. मी ओळ वाचली, ठीक म्हटलं. त्याच वहीच्या पहिल्या पानावर साताऱ्यात घेतलेली नाडी होती: बाकीच्यांची ७२-७५, त्याची ५०. म्हणजे त्यांची पंचवीसभरानं वाढली होती आणि याची बेचाळीसनं. पळणाऱ्याचं हृदय मुळातच सावकाश चालतं, त्याला दुसऱ्यांच्या मापानं मोजून उपयोग नाही. मूळ आकडा घ्यायचा तो याचसाठी. घेतला होता, पान उलटून बघितला नाही.

आणि चार रकान्यांत ० ० ० ०. त्यातला दुसरा शून्य इतरांपेक्षा जाड. खाली २ लिहिलेला होता, त्यावर गिरवून शून्य केला होता. हेडटॉर्चच्या उजेडात मी ते पाहिलं, पेन चाललं नसेल असं वाटलं, आणि सही केली.

लोबुचेला संध्याकाळी साडेसहाला जेवणघरात सगळे शेगडीभोवती बसले होते. तिथं याकच्या शेणाच्या गोवऱ्या जाळतात, घरच्यासारखाच वास. कुणीतरी कंदी पेढ्यांचा डबा फिरवला. डबा आणला होता पळणाऱ्यानंच, आणि त्यानंच तो न बघता पुढं सरकवला. डाळभाताला हात लावला नव्हता. विनोदावर सगळ्यांचं हसून झालं की मग हा हसत होता. उठून बाहेर जाताना चौकटीला खांदा आपटला. चौकट रुंद होती.

मी त्याला कोपऱ्यात घेतलं. जमिनीच्या दोन फळ्यांच्या सांध्यावरून, एका पायाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावत, दहा पावलं. तिसऱ्या पावलाला तो डावीकडं गेला. पुन्हा करायला लावलं, पुन्हा डावीकडं. मग म्हटलं, तेराचा पाढा म्हणा. साखर कारखान्यात हिशेब बघणारा माणूस, आकडे जिभेवर असणार. “तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न, तेरा पाचे...” आणि माझ्याकडं बघत राहिला.

साध्या उंचीच्या त्रासात माणूस तोल सोडत नाही. तोल गेला, डोकं चालेना, म्हणजे मेंदूला सूज येतेय असंच धरायचं. तिथून पुढं खात्री करत बसायला वेळ नसतो. सूज कमी करणारं डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम लगेच, पुढं दर सहा तासांनी ४. पण हे औषध उतरण्याऐवजी नाही, उतरता यावं म्हणून असतं. ते देऊन “सकाळी बघू” म्हणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

“दादा, हेलिकॉप्टर बोलवा ना, इन्शुरन्स आहे की.” हे मी दर वेळी ऐकतो. हेलिकॉप्टर रात्री येत नाही. उजाडल्यावर आणि ढग नसले तर येतं. तोवर अकरा-बारा तास. आत्ता लटपटतोय तो माणूस पहाटे बेशुद्ध असू शकतो, आणि मग त्याच वाटेनं त्याला उचलून न्यायला सहा-आठ माणसं लागतील. चालता येतंय तोवर चालवायचं.

ऑक्सिजनचा सिलिंडर काढला. चार लिटर मापाचा, २०० बार दाबानं भरलेला असेल तर ८०० लिटर वायू; मिनिटाला दोन लिटर सोडला तर सहा तास चाळीस मिनिटं. काटा १५० वर होता. म्हणजे पाचच तास. सामान पुरवणाऱ्यानं काठमांडूत भरलेला म्हणून दिला होता, आणि मी काटा न बघता घेतला नव्हता. तिथं तो १९० दाखवत होता. थंडीत दाब थोडा उतरतो, पण एवढा नाही. व्हॉल्व्ह कुठंतरी झिरपत होता. वॉशर बदलायला काही रुपयांचा खर्च असतो, एवढंच म्हणतो.

त्या आठांची शपथ होती, वर जायचं तर सगळ्यांनी, उतरायचं तर सगळ्यांनी. सगळे बूट घालून उभे राहिले. मी नाही म्हटलं. दमलेली सात माणसं अंधारात मोरेनच्या, म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेल्या, सुट्या दगडांवर नेली तर एकाचे दोन पेशंट व्हायला वेळ लागत नाही. त्यावरून आवाज चढले. “भावाला एकटं सोडू का आम्ही?” दुसरा गाईड त्यांच्याजवळ ठेवला. खोलीतला जोडीदार मात्र काहीच बोलला नाही. मी निघताना तो दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, “दादा, डिंगबोचेला दोनदा उलटी झाली होती त्याला. सांगू नको म्हणाला.”

सव्वाआठला निघालो. पुढं शेर्पा दाइ (नेपाळीत दादा), हेडटॉर्च खाली वळवून स्वतःच्या टाचांवर उजेड पाडत, म्हणजे मागच्याला नेमकं पाऊल दिसतं. मध्ये हा, कमरेला टेपचा, म्हणजे गिर्यारोहणाच्या मजबूत पट्टीचा, फास, त्याचं टोक माझ्या हातात. सिलिंडर माझ्या सॅकमध्ये, नळी त्याच्या टोपीखालून, नाहीतर गारठून ताठ होते. लोबुचेहून थुकला खिंडीपर्यंत, जिथं गिर्यारोहकांच्या स्मरणार्थ रचलेले दगडांचे छोर्तेन, म्हणजे छोटे स्तूप, आहेत, वाट फारशी उतरत नाही. ४,९४० वरून ४,८३०. हाच भाग जिवावर येतो, कारण तासभर चालून उंची काहीच कमी होत नाही. खिंडीपासून थुकलाच्या टी-हाउसपर्यंत २०० मीटर एकदम खाली. तिथं तो दोनदा बसला, दोनदा उठवला. तिसऱ्यांदा “पाच मिनिटं झोपतो” म्हणाला, तेव्हा दाइनं त्याला काखेत धरून उभं केलं. मी दर पंधरा मिनिटांनी पाढा विचारत होतो. तेरा चोक बावन्नच्या पुढं गाडी जात नव्हती. एकदा तर तेरा त्रिकलाच थांबली.

थुकलाचा पूल ओलांडून फेरिचेच्या मोकळ्या खोऱ्यात उतरल्यावर साडेअकराच्या सुमाराला मागून काही न विचारता आवाज आला, “तेरा पाचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर.” दाइला मराठी येत नाही, पण तो हसला.

दिवसा अडीच-तीन तासांची ती वाट, आम्हाला सव्वाचार तास लागले. फेरिचे ४,३७१ मीटरवर. तिथं हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना हंगामात चालू असतो. डॉक्टरांनी तपासलं, डेक्सामेथासोन चालू ठेवलं, आणि उजाडल्यावर आणखी खाली जा म्हणाले. सकाळी त्याला फळीच्या सांध्यावरून चालवलं, आठ पावलं सरळ आली. तेंगबोचेला एक रात्र काढून आम्ही नामचे गाठलं. हेलिकॉप्टर लागलं नाही.

वरच्या सातांपैकी सहा जण बेस कॅम्पला जाऊन आले, त्यातले चौघं जवळच्या काला पत्थर शिखरावरही. जोडीदार लोबुचेहूनच परतला. नामचेत तो माझ्यासमोर बसून मुकाट्यानं चहा पीत होता, आणि मीही त्याला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, तेही अजून ठरत नाही. त्यानं गिरवलेला आकडा मी सही करून पास केला होता.

तेव्हापासून मी संध्याकाळी प्रत्येकाला वेगळं, खोलीबाहेर नेऊन विचारतो, आणि नाडीचा मूळ आकडा रोजच्या आकड्याशेजारीच लिहितो. चालायची चाचणी ४,००० च्या वर रोज, सगळ्यांची, मग कुणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. जोडीदारानं पान भरायची पद्धत ठेवायची का मोडायची, ते मात्र जमत नाहीये. अनोळखी माणसं एका खोलीत घातली तर वही खरी भरते, पण मित्रांच्या गटात अनोळखी आणायचे कुठून?

पुढची तुकडी दहा जणांची आहे, कराडची, सगळे एका तालमीतले. खोल्यांच्या जोड्या त्यांनी आपापसात ठरवून कालच पाठवल्या आहेत. मी अजून उत्तर दिलेलं नाही.