लाल रेनकोट बाद

शनिवार, २६ जुलै २०२५

२००५ च्या पुराला वीस वर्षं झाली म्हणून सातवी 'ब'ची जुनी टोळी आज ठाण्यात तीन हात नाक्याजवळ जेवायला जमली. आमचं २६ जुलैचं आख्यान आता इतकं घोटलेलं आहे की कुणीही कुठूनही सुरू करावं, बाकीच्यांनी पुढची ओळ म्हणावी. दुपारची शाळा. नाला आणि गल्ली एक झाली. तळमजल्यावर पाणी शिरलं, सगळ्यांना पहिल्या मजल्यावर नेलं, लाइट गेले, फोन बंद. मग ऑफिसच्या कपाटातली ग्लुकोजची बिस्किटं, मेणबत्त्या आणि बाईंनी घेतलेली अंताक्षरी. 'ठ' आला की मॉनिटर अडकायचा. सकाळी पालक पँटी दुमडून हजर. एकूण काय, पिकनिक.

आज गोलकीपर पहिल्यांदाच आला होता, खारघरहून. शाळा सुटल्यापासून तो आमच्यात नव्हताच, त्यामुळे त्याला आख्यान पाठ नाही. बिस्किटांवरून हशा झाला तेव्हा तो म्हणाला, "ते सगळं ठीक आहे रे, पण तो खांबाला धरलेला माणूस?"

आधी कुणीच काही बोललं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले.

मला पहिल्या क्षणी काहीच आठवलं नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवते. पाचेक मिनिटांनी चित्र आलं: विजेचा खांब, त्याला कोपरांत कवटाळलेला एक माणूस, चेहरा पलीकडे. हे माझ्या डोक्यातून वर आलं की गोलकीपरच्या तोंडून माझ्या डोक्यात गेलं, सांगता येत नाही. तेवढ्यात रेडिओने (शाळेपासूनचं नाव, कारण उघड आहे) ताबा घेतला. लाल रेनकोट होता, एक चप्पल दातात धरली होती, मान वर करून तो आपल्या खिडकीकडेच बघत होता. "हो हो, लाल रेनकोट!" आमच्यातल्या दोघी म्हणाल्या. मला ते ऐकून जेवण जाईना, आणि त्याला कारण तो माणूस नव्हता.

रविवार, २७ जुलै

नोकरीत मी विम्याचे दावे तपासते. अपघाताच्या जागी हजर असलेली चार माणसं एका टपरीवर चहा प्यायली की त्यांचे चार जबाब एकच होतात, हे रोज बघते. त्यात कुणी खोटं बोलत नसतं. यावर एक साधा प्रयोगही झाला आहे. फियोना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली लोकांच्या जोड्या केल्या, एकाच घटनेची दोन वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेली चित्रफीत दोघांना वेगवेगळी दाखवली आणि मग आपसात बोलू दिलं. नंतर ७१ टक्के लोकांनी, आपल्या चित्रफितीत नव्हतीच अशी निदान एक गोष्ट स्वतः पाहिल्यासारखी सांगितली.

म्हणून रात्री गटावर हुकूम सोडला. या विषयावर एकमेकांशी एक अक्षर बोलायचं नाही. प्रत्येकाने कागदावर, हाताने, जेवढं आठवतं तेवढंच लिहायचं, रिकामं असेल तिथे रिकामं ठेवायचं आणि फोटो फक्त मला पाठवायचा. रेडिओने विचारलं, "परीक्षा आहे का?" आहे.

एकीने सुचवलं की तिच्या ओळखीच्या एक ताई संमोहनाने दडपलेल्या आठवणी बाहेर काढतात, सगळे मिळून जाऊ या. मी नाही म्हटलं, जरा जास्तच तोडून. पण माझं मत तेच आहे. एलिझाबेथ लॉफ्टसने १९९५ च्या प्रयोगात लोकांना सांगितलं की लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात, असं तुमच्या घरचे सांगतात. तसं काही घडलेलं नव्हतं. तरी साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ते थोडंफार 'आठवलं'. आम्हाला तर ताईंची गरजसुद्धा नाही, रेडिओ पुरेसा आहे.

आणि ते ९४४! काल पुन्हा मॉनिटरने ठणकावलं, "त्या दिवशी आपल्याकडे ९४४ मिलिमीटर पडला." तो आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेचा, चोवीस तासांचा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ पडला होता, म्हणजे अख्ख्या मुंबईलासुद्धा तो आकडा लागू नाही. पण ठाण्यातल्या आमच्या गल्लीवर तो आम्ही वीस वर्षं पाडतो आहोत.

रविवार, ३ ऑगस्ट

कागद आले. सकाळपासून जेवणाच्या टेबलावर मांडून बसले आहे, घरचे उभ्याने जेवले.

पाणी एकाच्या कागदात गुडघ्याला, एकीच्या कमरेला, रेडिओच्या गळ्याला. खांब तिघांनी फाटकाच्या डावीकडे लिहिला आहे, दोघांनी एसटी स्टँडच्या दिशेला. एकीला दोन माणसं आठवतात. एकाला माणूस आठवतच नाही, रिक्षा आठवते, उलटी, तीन चाकं वर. लाल रेनकोट चार कागदांत आहे. हॉटेलात रेडिओ बोलायच्या आधी तो कुणाच्याही तोंडी नव्हता, त्यामुळे मी त्या चारही ओळींवर पेन्सिलीने काट मारली. रेनकोट खरा असेलही. पण आता तो कामाचा राहिला नाही.

मला धरून ठेवावंसं वाटतं ते वेगळंच. हॉटेलात ज्याचा कुणी उच्चारही केला नव्हता, अशा दोन गोष्टी जवळपास सगळ्या कागदांत आहेत. एक, खिडक्या बंद होत्या आणि वर्गात जीव गुदमरत होता. भर पावसात, लाइट नसताना, एवढी पोरं कोंबलेल्या वर्गात खिडक्या बंद! दुसरी, बाकं ओढल्याचा आवाज. आख्यानात यातलं काहीही नाही. चहाच्या टपरीवर न भेटता चार साक्षीदार एकच फालतू गोष्ट सांगतात तेव्हा मी दाव्याची फाइल उघडते.

शेवटी मी एक प्रश्न ठेवला होता: तेव्हा काय वाटलं होतं? बहुतेकांनी लिहिलं, मजा आली. गोलकीपरने लिहिलं, "पोटात दुखत होतं. घरी कधीच जाणार नाही असं वाटत होतं." अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर विल्यम हर्स्ट आणि इतरांनी तीन हजारांहून जास्त लोकांना लगेच, वर्षाने, तीन वर्षांनी, आणि त्यातल्या काहींना दहा वर्षांनीही, तेच प्रश्न विचारले. कुठे होतो, कुणी सांगितलं, हे लोकांना त्यातल्या त्यात बरं आठवत होतं. स्वतःला काय वाटलं होतं, तिथे सगळ्यात जास्त गडबड. झीज बहुतेक पहिल्याच वर्षात झाली, आणि नंतर लोक आपली चुकीची आवृत्तीच ठामपणे सांगत राहिले. आमच्या 'मजा आली'चं वय मला आता कळलं.

गुरुवार, ७ ऑगस्ट

जांभळी नाक्यावर राखीची गर्दी. तिथे रेडिओची ताई भेटली. मी सहज म्हटलं, तुमचा भाऊ आमचा मुख्य साक्षीदार आहे. ती म्हणाली, "कसला साक्षीदार? त्याला कांजिण्या होत्या तेव्हा. घरी होता तो, कळव्याला."

चाळीत पाणी आलं तेव्हा त्याला माळ्यावर चढवलं होतं. आई-बाबा आणि ताई खाली गाद्या, धान्याचे डबे, गॅस वाचवत होते. अंगात ताप, अंधार, आणि तो वरून हाका मारत होता. खालून कुणीतरी फक्त "आहोत रे" म्हणायचं. ताईला सगळं नीट आठवतं. तिला आश्चर्य वाटलं ते एवढंच, की तो हे कधी कुणाला सांगत नाही.

मी दोन दिवस गप्प बसायचं ठरवलं होतं, रात्रीच फोन केला. तो चिडला नाही. बराच वेळ ओळीवर नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "मग मला ती खिडकी दिसते ती कुठली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळा पुन्हा भरल्यावर सगळ्यांनी त्याला ती रात्र इतक्यांदा सांगितली असेल की तो आत जाऊन बसला. आमच्याकडे बिस्किटं होती, गाणी होती, बरोबरीची पोरं होती. माळ्यावर काय होतं? त्याला मी खोटारडा म्हणणार नाही आणि गटावर कुणी म्हटलं तर भांडेन. रेनकोट मात्र बाद.

रविवार, १० ऑगस्ट

बाई पाचपाखाडीत राहतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे गेले आहेत, आवाज तोच. मी काहीच सुचवायचं नाही असं ठरवून गेले होते. फक्त विचारलं, बाई, त्या रात्री खिडक्या कुणी लावल्या?

"मी आणि शिपाईमामांनी." लगेच उत्तर. "सगळी पोरं त्या खिडक्यांना लोंबकळत होती. खाली तो माणूस. मी काय करणार होते गं? दोर नाही, फोन नाही, पाण्याला ओढ ही एवढी. मामा उतरायला निघाले होते, मीच त्यांना धरलं. तुमच्यापाशी आणखी कुणी मोठं नव्हतं."

मग खिडक्या लावल्या. बाकं ओढून वर्गाच्या दुसऱ्या टोकाला नेली. आणि अंताक्षरी सुरू केली. "मोठ्याने गा म्हणत होते मी. आठवतं? जितका मोठा आवाज तितकं एक बिस्कीट जास्त."

का, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "हाका मारत होता तो."

एकाच्याही कागदात हाका नाहीत. माझ्याही नाहीत. बाईंनी सांगितल्यावरही मला त्या ऐकू येत नाहीत, आणि उद्या यायला लागल्या तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवणार नाही.

सकाळी पाणी उतरल्यावर खांबाशी कुणी नव्हतं. बाईंनी समोरच्या इमारतीत विचारलं. एक जण म्हणाला, दोर टाकून ओढून घेतला. दुसऱ्याने सांगितलं, आम्ही कुणाला पाहिलंच नाही. तिसऱ्या दारावर त्या गेल्या नाहीत. त्या आठवड्यात राज्यभरात हजाराहून जास्त माणसं गेली. महाड तालुक्यात जुई, दासगाव दरडींखाली, इकडे बदलापूर-कल्याण पाण्यात. त्या बातम्यांच्या ढिगात आमच्या गल्लीतल्या एका खांबाची बातमी कोण छापणार होतं?

घरी येताना रिक्षात विचार करत होते. याच हर्स्टचा आणखी एक अभ्यास आहे, २००७ सालचा. बोलणारा एखादा विषय अर्धाच सांगतो, तेव्हा न सांगितलेला उरलेला भाग तो स्वतः तर विसरतोच, ऐकणारेही विसरतात. आणि मुळीच न निघालेल्या विषयापेक्षा जास्त विसरतात. बाईंनी हा अभ्यास वाचलेला नव्हता, त्यांना एक रात्र काढायची होती. पुढची वीस वर्षं अंताक्षरी आम्ही चालू ठेवली, दर २६ जुलैला, नवीन जोक घालून.

त्यांनी चुकीचं केलं असं मला वाटत नाही. दुसरं काय करता आलं असतं, तेही सुचत नाही. निघताना त्यांनी विचारलं, "तुम्हा पोरांना त्रास झाला का गं त्याचा नंतर?" मी म्हटलं, नाही बाई, आम्हाला फक्त बिस्किटं आठवतात. त्या हसल्या नाहीत.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सगळ्यांना वाचता यावं म्हणून ऑनलाइन एक तक्ता केला. एका रकान्यात सगळ्यांच्या कागदांत स्वतंत्रपणे आलेलं, दुसऱ्यात एकट्याचं, तिसऱ्यात हॉटेलात बोलल्यानंतर आलेलं, चौथ्यात बाईंचं. रेडिओने आपणहून पाचवा रकाना काढला, 'कळवा', आणि त्यात माळ्याबद्दल चार ओळी लिहिल्या. पहिल्यांदाच.

तळाशी मी एक ओळ रिकामी ठेवली होती: त्या माणसाचं पुढे काय झालं?

सकाळी झेंडावंदनाहून येऊन पाहते तर मॉनिटरने तिथे लिहिलं होतं, "वाचला." मी पुसलं. दुपारी पुन्हा, "दोर टाकून वाचवला (बाईंची माहिती)". मी लिहिलं, बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही लिही. त्याने फोनच केला. "तुला काय, तो मेलेलाच पाहिजे का?" मी म्हटलं, मला तो रिकामा पाहिजे. "मला मुलगी आहे सहावीत," तो म्हणाला, "तिला ही गोष्ट मी सांगणार आहे. अशी सांगू?" बोलत बोलत आम्ही दोघंही ओरडायला लागलो. शेवटी 'एका शेजाऱ्याच्या म्हणण्यानुसार' हे शब्द घालायला तो तयार झाला, 'दुसऱ्या शेजाऱ्याने' घालायला नाही.

आता रात्रीचे अकरा. दुसऱ्या शेजाऱ्याची ओळ मी घातली आहे. आता तक्त्यात मॉनिटरच्या नावाचं हिरवं टिंब दिसतंय, म्हणजे तोही आत आहे.